धावपट्टीवरची स्त्री, दाखल्यावरची स्त्री



डिसेंबर २००६मध्ये दोहा इथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. महिलांच्या ८०० मीटर शर्यतीत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनला रौप्यपदक मिळालं. पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, दलित कुटुंबातली ही मुलगी. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शर्यतीनंतर तिची लिंगचाचणी झाली. त्या चाचणीत ती स्त्री म्हणून बसत नाही असं ठरलं आणि पदक काढून घेण्यात आलं. तिच्या शरीराची चर्चा देशभरच्या वाहिन्यांवर झाली. पुढच्या वर्षी तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. काही वर्षांनी ती पुन्हा वीटभट्टीवर काम करत असल्याची बातमी आली, तेव्हा कुठे पुन्हा हालचाल झाली. तिने बंगळूरूला प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि ती प्रशिक्षक झाली. पदक मात्र परत मिळालेलं नाही.

आज जगभर जैविक लिंग आणि लिंगओळख यांवरून कडाक्याचा वाद चालू आहे. शरीर जे सांगतं तेच खरं, बाकी मनाचे खेळ, असं एक बाजू म्हणते. माणूस स्वतःला जे मानतो तेच खरं, शरीराची चौकशी हाच अन्याय, असं दुसरी बाजू म्हणते. मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे शरीराला बाजूला सारणं मला मान्य होणार नाही. पण ‘स्त्री कोण?’ हा प्रश्न ‘कशासाठी?’ हे न विचारता सोडवायला घेतला, की त्यातून क्रौर्यच निघतं, हेही मला तितकंच ठामपणे म्हणायचं आहे. धावपट्टीवर स्त्री-गट कशासाठी आहे आणि ग्रामपंचायतीत महिला राखीव जागा कशासाठी आहे, यांची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून तिथल्या रेषाही वेगळ्या असणार.

आधी शरीराबद्दल बोलू.

माणसाच्या प्रजननात बीजपेशी दोनच प्रकारच्या असतात, अंडपेशी आणि शुक्रपेशी. तिसरी नाही. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत गुणसूत्रं, बीजग्रंथी, संप्रेरकं आणि बाह्य अवयव हे सगळं एकाच दिशेने जातं. ही गोष्ट मी आधी सांगते, कारण अलीकडे ती सांगायला लोक कचरतात. जैविक लिंग ही समाजाने रचलेली कल्पना आहे असं मला वाटत नाही.

आता पुढचं. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याची बीजग्रंथी मुलाची आणि मुलीची सारखीच दिसते. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक जागं झालं, की तिचा वृषण व्हायला लागतो. हे जनुक १९९०मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतो, ते रक्तातून पेशींपर्यंत जातं, पेशींमधला रिसेप्टर त्याला पकडतो आणि मग शरीर पुरुषाच्या वाटेने घडत जातं. ही एक लांबलचक साखळी आहे आणि तिचा कोणताही दुवा निसटू शकतो.

समजा, जनुक आहे, वृषणही झाला, टेस्टोस्टेरॉनही भरपूर आहे, पण रिसेप्टर कामच करत नाही. मग ते टेस्टोस्टेरॉन रक्तात असूनही शरीराच्या लेखी नसल्यासारखंच. बाळ मुलगी म्हणून जन्माला येतं, मुलगी म्हणून वाढतं. वयात येताना छाती भरते, कारण टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. फक्त पाळी येत नाही. गर्भाशय तयारच झालेलं नसतं. अशा मुली आपल्याकडे सोळा-सतराव्या वर्षी स्त्रीरोग विभागात येतात, बरोबर काळजीने काळवंडलेली आई असते. ‘अजून शहाणी झाली नाही, लग्नाचं बघायचंय’ एवढंच आईचं म्हणणं असतं. तपासणीत एक्सवाय गुणसूत्रं निघतात. आता ही मुलगी कोण? तिच्या आईला, मैत्रिणींना आणि तिला स्वतःला याचं उत्तर सोळा वर्षं माहीत आहे. गुणसूत्रांच्या अहवालाने ते पालटून टाकायचं म्हणजे वैद्यकशास्त्राने आपल्या अधिकाराबाहेर जायचं.

दुसरा दुवा वेगळा आहे. टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी रूप बनवणारं ५-अल्फा रिडक्टेज हे विकर कमी असलं, तर बाळाचे बाह्य अवयव मुलीसारखे दिसतात, पण वयात येताना आवाज फुटतो, स्नायू भरतात. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही खेड्यांत अशी बरीच मुलं होती. त्यांच्याबद्दलचा अभ्यास १९७४मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत आहे. इथे टेस्टोस्टेरॉनचा परिणाम शरीरावर होतो. पहिल्या मुलीत तो होत नाही. दोघींच्या रक्ताची चाचणी सारखी दिसली तरी त्यांच्या शरीरांचा खेळातला अर्थ सारखा नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

या अवस्था दुर्मीळ आहेत. किती दुर्मीळ, हे कोणत्या अवस्था मोजायच्या त्यावर ठरतं आणि त्यावरही भांडणं आहेत. मला त्यांत पडायचं नाही. पण एका गोंधळाबद्दल बोललं पाहिजे. वादात एक बाजू या मुलींना पुढे करून म्हणते, बघा, लिंग अशी काही ठाम गोष्टच नाही, म्हणून पारलिंगी व्यक्तीची ओळख मान्य करा. दुसरी बाजू पारलिंगी खेळाडूंविषयीची भीती उचलून या मुलींवर लादते. पारलिंगी माणसांची गुणसूत्रं आणि ग्रंथी बहुतेक वेळा अगदी नेहमीसारख्या असतात. त्यांचा प्रश्न शरीराच्या घडणीतल्या वेगळेपणाचा नाही, स्वतःला आतून ओळखण्याचा आहे. त्यांचा सन्मान करायला जनुकांतला अपवाद पुराव्यादाखल आणायची गरज नाही. आणि जन्मापासून स्त्री म्हणून जगलेल्या एखाद्या धावपटूला ‘पुरुष घुसला’ म्हणून ओरडणं हे तर उघड खोटं आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जीरियाच्या मुष्टियोद्धा इमान खलीफला मुलगी म्हणूनच वाढलेली असूनही पारलिंगी ठरवून शिव्या घातल्या गेल्या, तेव्हा हा गोंधळ सगळ्या जगाने पाहिला. तिच्या पात्रतेचा निकष काय असावा, हा प्रश्न विचारता येतो. तिला पुरुष म्हणून हिणवणं हा प्रश्न नव्हे.

खेळातल्या चाचण्यांचा इतिहास फार लाजिरवाणा आहे. १९६६मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय ॲथलेटिक्स स्पर्धेत स्त्री-खेळाडूंना डॉक्टरांच्या पथकासमोर विवस्त्र उभं केलं गेलं. मग १९६८पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली. गालाच्या आतल्या पेशी घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. विवस्त्र उभं राहण्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांना वाटलं. फिनलंडचे जनुकशास्त्रज्ञ अल्बेर द ला शापेल सांगत होते, की ही चाचणी चुकीच्या बायकांना पकडते. कोणी ऐकलं नाही.

१९८५मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्तीनेस पातिन्यो या चाचणीत सापडली. रिसेप्टर काम न करणाऱ्या मुलींपैकी ती एक. तिला शर्यतीतून काढलं. पायाला दुखापत झाल्याचं नाटक करायला लावलं. पुढे मायदेशी ती पुन्हा स्पर्धेत उतरली, तेव्हा बातमी फुटली. तिची शिष्यवृत्ती गेली, वसतिगृह गेलं, विक्रम पुसले गेले, लग्न ठरलं होतं ते मोडलं. ती मात्र लढली. टेस्टोस्टेरॉनचा उपयोगच न करू शकणाऱ्या शरीराला त्याचा फायदा कसा मिळेल, हा तिचा साधा मुद्दा होता. द ला शापेल तिच्या बाजूने उभे राहिले आणि १९८८मध्ये तिला पुन्हा खेळण्याची परवानगी मिळाली.

आणि १९९६ची अटलांटा स्पर्धा. तिथे ३,३८७ स्त्री-खेळाडूंची जनुकचाचणी झाली. आठ जणींमध्ये एसआरवाय जनुक सापडलं. सातजणींमध्ये रिसेप्टरचा दोष पूर्ण किंवा अंशतः होता आणि आठवीला ५-अल्फा रिडक्टेजची कमतरता होती, पण तिच्या ग्रंथी आधीच काढलेल्या होत्या. आठही जणींना खेळू दिलं. स्त्री असल्याचा बहाणा करणारा एकही पुरुष सापडला नाही. एवढ्या वर्षांच्या चाचणीने पकडलं ते कोणाला, हे तेव्हा कळून चुकलं आणि १९९९मध्ये ऑलिम्पिक समितीने सरसकट चाचणी बंद केली. शांतीचं प्रकरण त्यानंतर सात वर्षांनी घडलं, हे विसरू नका. सरसकट चाचणी गेली, संशयावरून करायची चाचणी राहिली. आणि संशय कोणावर येतो? जिचे केस आखूड, आवाज जाड, छाती सपाट, बोलायला इंग्रजी नाही आणि पाठीशी कोणी नाही, तिच्यावर. माझ्या मते संशयावरची चाचणी सरसकट चाचणीपेक्षाही वाईट आहे.

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या विणकर कुटुंबातली द्युती चंद या बाबतीत नशीबवान, कारण तिच्यामागे माणसं उभी राहिली. २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला वगळलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलं, तर ती औषध किंवा शस्त्रक्रियेने ते खाली आणेपर्यंत खेळू शकत नव्हती. माझं शरीर निरोगी आहे, ते मी का बदलू, असं म्हणत अठरा वर्षांची ती मुलगी लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने दिलेला नाही, असं लवादाचं म्हणणं होतं. २०१८मध्ये नवा नियम आला तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच अंतरांपुरता. द्युतीची अंतरं त्यात नव्हती आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदकं मिळवली.

तो नवा नियम दक्षिण आफ्रिकेच्या कास्टर सेमेन्याला मात्र नेमका लागू पडला. २००९मध्ये बर्लिनला ८०० मीटरची जागतिक विजेती झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तेव्हापासून तिच्या शरीराचे तपशील जगाने चघळले. २०१९मध्ये लवादाने तिच्या विरोधात दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. हा नियम भेदभाव करणाराच आहे, पण स्त्री-गट राखण्यासाठी आवश्यक आणि प्रमाणात आहे, असं लवादाने म्हटलं. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं. जुलै २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने स्वित्झर्लंडमध्ये तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही असं ठरवलं. नियम योग्य की अयोग्य, हे त्या पीठाने ठरवलं नाही.

इथे मी माझं मत लपवणार नाही. स्पर्धेच्या वरच्या पातळीवर स्त्री-गट शरीरावरच आखला पाहिजे. पुरुषांच्या ८०० मीटरचा विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंद, स्त्रियांचा १ मिनिट ५३.२८. दोहोंत बारा टक्क्यांचं अंतर आहे आणि ते मुख्यतः वयात येताना टेस्टोस्टेरॉनने शरीर घडवल्यामुळे पडतं. स्त्रियांना वेगळा गट नसता, तर १९८४मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, हे आपल्याला कळलंही नसतं. तिला अंतिम शर्यतीत कोणी पाहिलंच नसतं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली ती या गटामुळेच. दुष्काळी तालुक्यातल्या मुलीला पळण्यासाठी जो एक कोपरा मिळाला आहे, तो राखलाच पाहिजे. म्हणून पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना २०२३मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने स्त्री-गटातून वगळलं, तो निर्णय मला कठोर वाटला तरी चुकीचा वाटत नाही. टेस्टोस्टेरॉन औषधाने दाबलं, की हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येतं. स्नायूंची ताकद त्यामानाने थोडीच घटते आणि उंची, हाडांची लांबी यांत तर काही फरकच पडत नाही.

पण ही वरच्या पातळीवरची गोष्ट आहे. वयात येण्याआधी मुलामुलींच्या वेगात फार अंतर नसतं. चौथीतल्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत कोणाचं शरीर तपासायचं काय कारण? ऑलिम्पिकचा नियम शाळेच्या पटांगणावर आणणारे लोक स्त्री-खेळाडूंचं भलं करत नाहीत, ते मुलांना एकमेकांकडे संशयाने बघायला शिकवतात.

आता दाखल्याकडे वळू. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या नालसा खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांच्या पीठाने सांगितलं, की व्यक्ती स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीयपंथी मानते हे तिनेच ठरवायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात न्यायालयापुढे उभ्या होत्या. २०१९मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याची आणि स्त्री किंवा पुरुष म्हणून दाखला हवा असेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची अट घातली गेली. न्यायालयाने जी सक्ती नको म्हटली, तीच अशी मागच्या दाराने आत आली, असं माझं मत आहे. शिधापत्रिका, बँकेचं खातं, भाड्याची खोली यांसाठी माणसाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायची सरकारला काय गरज?

यातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचं प्रकरण. २०२०च्या अखेरीस तिथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे अर्ज भरले जात होते. एका तृतीयपंथी उमेदवाराने सर्वसाधारण महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. लगेच, जानेवारी २०२१च्या पहिल्याच दिवसांत, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अर्ज स्वीकारायला सांगितला. न्यायमूर्ती घुगे यांनी स्व-ओळखीचा हक्क मान्य केला आणि उमेदवाराने स्त्री ही ओळख कायमची स्वीकारली आहे, सोयीप्रमाणे ती बदलणार नाही, हेही नोंदवून घेतलं. ती निवडणूक त्या उमेदवाराने जिंकली.

यावर मला विचारलं गेलं, की मग राखीव जागा उद्या कोणीही साडी नेसून पळवणार का? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत आणि त्या कशा पळवल्या जातात हे आपण सगळे जाणतो. सरपंचबाई घरात भाकरी थापत असतात आणि सरपंचपती कार्यालयात खुर्चीवर बसून सह्यांची कागदं घरी पाठवतात. बायकांच्या जागेवर डल्ला मारणारा पुरुष तो आहे. गावाने वर्षानुवर्षं बाई म्हणूनच वागवलेल्या, बाई म्हणूनच टोमणे खाल्लेल्या व्यक्तीला त्या प्रभागातून उभं राहू देण्याने राखीव जागेचा हेतू बुडत नाही. सत्तेबाहेर ठेवलेल्यांना आत आणणं, हाच तर तो हेतू आहे. तिथे टेस्टोस्टेरॉन किती, याला काही अर्थ नाही.

पोलीस भरती मात्र धावपट्टी आणि राखीव जागा या दोहोंच्या मधोमध येते. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय आला, तेव्हा अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकानाच नव्हता. न्यायालयाने सरकारला खडसावल्यावर रकाना आणि नियम करण्याची तयारी दाखवली गेली. रकाना देणं सोपं. धावण्याचे, गोळाफेकीचे निकष कोणते लावायचे, हा खरा प्रश्न, कारण तिथे शरीर पुन्हा आत येतं. तो प्रश्न अवघड आहे, पण सुटण्यासारखा आहे. पोलिसाला लागणारी ताकद ठरवायची आणि वेगळा निकष लिहायचा. तुरुंग आणि निवारागृहांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. तिथे आधीच घाबरलेल्या बायका असतात आणि मारहाण होण्याची भीती असलेल्या पारलिंगी स्त्रियाही. एकच सरसकट नियम तिथे दोघींपैकी एकीचा बळी देईल, म्हणून तिथे प्रत्येक प्रकरण वेगळं पाहावं असं मला वाटतं. एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या समानता कायद्यातलं लिंग म्हणजे जैविक लिंग असा निकाल दिला, तेव्हा आपल्याकडेही काहींनी टाळ्या वाजवल्या. तो त्या एका कायद्याचा अर्थ आहे. आपलं संविधान आणि आपला नालसा निकाल वेगळा आहे.

शेवटी, एक काम आपल्या दारात येऊन ठेपलं आहे, त्याबद्दल सांगते. १ सप्टेंबर २०२५पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने जागतिक स्पर्धांच्या स्त्री-गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी आवश्यक केली आहे. गालाच्या आतल्या पेशींवर किंवा रक्तावर, आयुष्यात एकदाच. रिसेप्टर पूर्ण निकामी असलेल्या खेळाडूंना त्या नियमात सूट आहे, हे पातिन्योच्या लढ्याचं फळ आहे. पण ती सूट मिळवायला पुढच्या तपासण्या लागतात आणि त्या नाशिकच्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीला कोण करून देणार?

आपल्या राज्यातल्या क्रीडा संघटनांकडून आणि वैद्यकीय महाविद्यालयांकडून मला ठोस अपेक्षा आहेत. नमुना घेण्याआधी मुलीला तिच्या भाषेत सांगा, की या चाचणीतून तिच्याबद्दल काय कळू शकतं. तिला नको असेल, तर नकाराचा परिणाम काय होईल तेही सांगा. निकाल आधी तिला कळू दे, नंतर प्रशिक्षकाला, आणि तोही तिच्या संमतीने. तो सांगताना समोर संप्रेरकतज्ज्ञ आणि समुपदेशक असू दे, संघटनेचा पदाधिकारी नको. पोटात राहिलेल्या ग्रंथींमध्ये पुढे कर्करोगाचा धोका असू शकतो, तेव्हा तिला उपचारांची गरज पडेल. त्याचा खर्च चाचणी करायला लावणाऱ्यांनी उचलावा. मात्र कोणतंही औषध किंवा शस्त्रक्रिया खेळासाठी म्हणून तिच्यावर लादू नका. तमिळनाडूने २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आंतरलिंगी, म्हणजे अशा वेगळ्या घडणीच्या, बालकांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवल्या. प्रौढ मुलीला तरी आपल्या शरीरावर तेवढा हक्क असायला हवा. ती स्त्री-गटातून बाहेर पडली, तर तिची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा आणि खेळाच्या कोट्यातली नोकरी जाणार नाही, असा शासन निर्णय काढा. तोवर तिने जिंकलेली पदकं तिच्याकडेच राहू द्या आणि तिचं नाव वर्तमानपत्राला कोणी दिलं, तर त्याच्यावर कारवाई करा.